ताटावरचा हात

सकाळचा दुसरा चहा व्हायच्या आत मी तामलवाडी पुसून टाकली. पुसू नको असं मीच लिहून दिलं होतं, तरी पुसली गेली. स्क्रीनवर एक ओळ उमटली, 'तामलवाडी काढून टाकली', आणि तिच्याखाली कर्सर लुकलुकत बसला, मोठी कामगिरी करून आल्यासारखा. मी दोन्ही हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. खरी तामलवाडी सोलापूरच्या रस्त्याला आहे तिथंच आहे, तिथं माझी आत्या राहते, तिच्या केसालाही धक्का नाही. ही तामलवाडी म्हणजे आमच्या कंपनीचा एक व्हर्च्युअल सर्व्हर. एका दांडग्या कॉम्प्युटरच्या पोटात असे पुष्कळ मानलेले कॉम्प्युटर असतात, मानलेल्या भावासारखे. रक्ताचे नसतात, पण कामाला येतात. त्यांना उभं करायचं, बंद करायचं, गरज सरली की पुसायचं, हे सगळं हातानं करत बसलं तर जन्म जाईल, म्हणून आम्ही स्क्रिप्ट लिहितो. एकदा लिहून ठेवायचं, मग नुसतं सांगायचं, अमुक मशीन बंद कर, पुसायचं का, तर नाही. पुण्याच्या ऑफिसात या सर्व्हरांना नावं ठेवायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा कुणी ग्रह सुचवले, कुणी नद्या. मी म्हटलं, आमच्या धाराशिव जिल्ह्यात गावं काय कमी आहेत? कळंब, सोनारी, तामलवाडी. तेव्हापासून नोएडाचा माणूससुद्धा मिटिंगमध्ये चेहरा गंभीर करून सांगतो की आज सोनारी जरा हळू चालली आहे, आणि मला हसू दाबावं लागतं.

आज मात्र हसू येईना. पुण्याला रणधीरला फोन लावला. रणधीर आमच्या टीमचा प्रमुख. म्हटलं, "रणधीर, तामलवाडी गेली." तो म्हणाला, "कुठं गेली?" म्हटलं, "गेली म्हणजे पुसली गेली. मी नाही म्हटलं होतं रे. अगदी लिहून नाही म्हटलं होतं." तो पोट धरून हसला असावा, कारण थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "अगं श्रावस्ती, कालची प्रत आहे, मी उभी करतो परत. सरावाचंच मशीन होतं. पण नाही म्हटल्यावर गेली कशी ते आधी बघ. पुढच्या आठवड्यात हीच स्क्रिप्ट गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालायची आहे." फोन ठेवला तर स्वयंपाकघराच्या दारात आई उभी, हाताला ज्वारीचं पीठ. "काय झालं ग तामलवाडीला?" "काही नाही ग आई, कॉम्प्युटरमधली." "व्हय का," ती म्हणाली, आणि जाता जाता, "वन्संला नको सांगू. लई मनाला लावून घेतील."

आमचं कळंबचं घर त्या दिवसांत घर राहिलं नव्हतं, गोडाऊन झालं होतं. जिकडं तिकडं खोकी. भांड्यांची खोकी, गोधड्यांचं गाठोडं, वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्याला टेकवलेला, त्यामुळं ते भिंतीकडं तोंड करून रुसल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी योगीराजचा टेम्पो येणार होता आणि आई कायमची माझ्याकडं पुण्याला. पावसाळ्याच्या शेवटी ती न्हाणीत घसरली, डावं मनगट मोडलं, आणि मी त्याच दिवशी ठरवलं. अण्णा होते तोवर गोष्ट वेगळी होती. ते एस्टीच्या वर्कशॉपात, दिवसभर नसले तरी संध्याकाळी डिझेलचा वास घेऊन घरी असायचे. आता एकटी बाई, मोडका हात, आणि मी पुण्यात रात्रंदिवस फोनकडं बघत. मी मोठा फ्लॅट घेतला भाड्यानं. आईच्या खोलीला पिवळे पडदे लावले. तिला फोटो पाठवला तर म्हणाली, "लई भारी हायेत. पर कशाला उगं?" मी म्हटलं, उगं कसं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "नको ग." मी म्हटलं, असू दे. आणि पुढच्या कामाला लागले.

चूक सापडायला वेळ लागला नाही, आणि सापडली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. स्क्रिप्टला बाहेरून जे सांगाल ते पॅरामीटर, आणि तो कुठल्या प्रकारचा ते आधी ठरवून द्यायचं. जातीचा असं जिभेवर येतं, पण आमच्या घरात तो शब्द जपून वापरतात, म्हणून प्रकार. हा आकडा, हा मजकूर, हे हो-की-नाही. 'पुसायचं का' याचा प्रकार मी हो-की-नाही दिला आणि निर्धास्त झाले. पण माणूस टाइप करतो तो शेवटी मजकूरच. मी 'फॉल्स' लिहिलं, ती नुसती अक्षरं झाली. आणि अक्षरांचं हो-की-नाही करायची वेळ आली की हा पठ्ठ्या ती वाचतच नाही. तो एवढंच बघतो, काही लिहिलंय का? लिहिलंय ना, मग हो. जागा कोरी असेल तरच नाही. म्हणजे तुम्ही 'नाही' लिहा, 'मुळीच नाही' लिहा, 'बाबा रे, पाया पडते पण पुसू नको' लिहा. तुम्ही तोंड उघडलंत, एवढ्यावर तो हो धरून चालतो. माझा असा संताप झाला! अरे गाढवा, मी काय म्हणते ते ऐकशील की नाही? आणि हे वाक्य मनात उमटलं तोच भिंतीपलीकडून शेळी ओरडली, आणि मला शेजारच्या सत्यभामाकाकूंची पंगत आठवून हसूच फुटलं.

कारण आमच्याकडं पंगतीत 'नको'ला काडीची किंमत नाही. ज्याला नको असतं तो नको म्हणतो, आणि ज्याला हवं असतं तोही नकोच म्हणतो, नाही तर हावरा दिसेल. मग वाढणाऱ्यानं करायचं काय? तो सरसकट वाढतो. लहानपणी लग्नात मी नको नको म्हणत रडकुंडीला यायचे आणि ताटात बुंदीचा ढीग होत जायचा. शेवटी आईनंच शिकवलं, "तोंडानं बोलू नको. हात आडवा धर." पालथा पंजा ताटावर, बोटं पसरलेली, अंग जरा मागं. त्या हातापुढं भले भले वाढपी थांबतात, पुढच्या ताटाकडं जातात. फक्त सत्यभामाकाकूंचं हे असं की त्यांचा पळा हाताच्या आधी पोचतो. तुम्ही हात उचलेपर्यंत आमटी ताटात, आणि काकू पुढं गेलेल्या. माझा कॉम्प्युटर या शाळेत शिकलेला दिसत होता.

पण काकूंच्या पळ्याला मी नावं ठेवू शकत नाही, आईच ठेवू देत नाही. आमच्या आजीला काकूंच्या सासरी पाणी वरून ओतत. आजी ते सांगताना ओंजळ करून दाखवायची, कोपरापर्यंत ओघळ कसा यायचा तेही दाखवायची. पुढं आई अंगणवाडीत लागली, काकू त्या घरात नवी सून म्हणून आल्या, त्यांच्या पोराचं वजन भरेना म्हणून आई रोज त्यांच्या ओसरीवर जायची. पोरगं बाळसं धरायला लागलं त्या आनंदात काकूंनी एक दिवस तिला आत ओढलं आणि आपल्या शेजारी पाट टाकला. आई नको म्हणाली. ते पंगतीतलं नको नव्हतं, खरं होतं. उद्या तुला सासू बोलेल, हे त्यात होतं. काकूंनी ऐकलंच नाही. येसर मसाल्याच्या आमटीची वाटी भरली, भरून सांडेपर्यंत भरली. सासू दारात उभी राहून बघत होती म्हणे, आणि काकू तिच्याकडं पाठ करून वाढत होत्या. आई ही गोष्ट सांगताना दरवेळी हसते आणि दरवेळी पदरानं डोळे टिपते. त्या दिवशी सत्यभामानं माझं ऐकलं असतं, तर मी जन्मभर ओसरीवरच राहिले असते, असं म्हणते. त्यामुळं 'नको'चं 'हो' करणं वाईटच, असं मला काही ठामपणे म्हणता येईना. माया असेल तर कधी कधी खपून जातं. पण मशीनला कुठली आलीय माया?

शेळी पुन्हा ओरडली. ही आमचीच बिजली. अस्सल उस्मानाबादी, काळीभोर, लांब कानांची, आणि स्वभावानं अगदी तहसीलदार. आल्यागेल्याला वरपासून खालपर्यंत बघून घेते. पुण्याच्या फ्लॅटात शेळी कशी न्यायची, म्हणून मी ती काकूंना देऊन टाकली होती. आई म्हणाली होती, "राहू दे की अजून." मी म्हटलं, शेवटच्या दिवशी घाई होईल. तेव्हापासून बिजली भिंतीपलीकडून आमच्या घराकडं तोंड करून ओरडत होती आणि आई, मी बघत नाही असं समजून, पदराखाली शेवग्याचा पाला लपवून मागच्या दारानं जात होती. आताही गेली. मी स्क्रीनकडं तोंड ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. भिंतीपलीकडं ती काही तरी बोलत होती. मी पुण्यात असताना फोनवर माझ्याशी बोलते तेव्हा 'बरं हाय, जेवलीस का, ठेवते' यापलीकडं जात नाही. शेळीशी मात्र सविस्तर चाललं होतं.

दुरुस्ती सोपी होती. आलेला शब्द आधी वाचायचा. हो सांगणारे शब्द ठरवून द्यायचे, नाही सांगणारे ठरवून द्यायचे, आणि दोन्हींत न बसणारं काही आलं तर कशालाही हात न लावता थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. लिहून झालं. मग तपासायचं, म्हणजे जुन्या स्क्रिप्टला आणि नव्या स्क्रिप्टला एकच शब्द द्यायचा आणि कोण काय समजतं ते बघायचं. 'फॉल्स' दिला. जुनी म्हणाली हो, नवी म्हणाली नाही. 'नो' दिला. जुनी हो, नवी नाही. रणधीरचा मेसेज आला, तामलवाडी उभी राहिली, पाणीबिणी सोडलंय, काळजी करू नको. मला चेव आला. म्हटलं, जरा आपल्या भाषेत बघू. 'नको' लिहिलं. जुनी म्हणाली हो. 'नको ग' लिहिलं. हो. 'कशाला उगं' लिहिलं. हो. मी एकटीच खिदळत होते. बोटांना आपोआप सुचत होतं. 'राहू दे की अजून.' हो. 'बघू पुढच्या साली.' हो. 'मला हितंच बरं वाटतंय.' हो. 'तुला बी तरास, मला बी तरास.' हो. हो, हो. आणि मग बोटं थांबली, कारण हसणं केव्हाच थांबलं होतं. ही वाक्यं मी रचलेली नव्हती. पावसाळ्यापासून आईनं एकेक करून मला दिलेली होती, तशीच्या तशी, तिच्या आवाजात. आणि प्रत्येकावर मी पुढं काय केलं ते मला आठवत होतं. फ्लॅट घेतला. पडदे लावले. शेळी दिली. टेम्पो सांगितला.

मी उठून खिडकीशी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, कुणाच्या तरी गच्चीवर ज्वारीच्या पापड्या वाळत होत्या, कोपऱ्यावरून मार्केट यार्डाकडं पोत्यांचा ट्रॅक्टर चालला होता. मी स्वतःची बाजू मांडायला लागले. तिचं नको हे पंगतीतलं नको आहे, असंच मी धरलं होतं. लेकीवर भार नको म्हणून आया असंच म्हणतात. चार वेळा म्हणतील आणि पाचव्यांदा टेम्पोत बसतील, आणि मग पुण्यात शेजारणीला सांगतील, लेक ऐकतच नाही बाई. मला ते ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर मला तिची काळजी होती त्याच्या दुप्पट माझीच होती. त्या फ्लॅटात संध्याकाळी दिवा लावला की सगळ्या भिंती एकदम माझ्याकडं बघतात. कुकरची शिट्टीसुद्धा मला एकटीसाठी वाजवायची लाज वाटते. मला आई हवी होती, लहान पोरीला हवी असते तशी, आणि मी त्याला तिच्या मनगटाचं नाव दिलं होतं. आणि एक गोष्ट तर मी केलीच नव्हती. मी तिला सांगितलं होतं, समजावलं होतं, पटवलं होतं, रागावले होते. विचारलं नव्हतं. कोरी जागा ठेवून, समोर बसून, येतेस का, असं एकदाही नाही.

तेवढ्यात मागच्या दारानं सत्यभामाकाकू आल्या, डोक्यावर पदर, एका हातात येसर आमटीचं पातेलं आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेले धपाटे. "आज चूल पेटवायची न्हाय," त्या दारातूनच म्हणाल्या. "शेवटचं जेवण माझ्या हातचं. केशर, ताटं काढ. का तीबी खोक्यात घातलीस?" आई म्हणाली, "ही बांधायला बसली की माणूसबी बांधती. तीन ताटं लपवून ठिवलीत म्या." दोघी खो खो हसल्या. पण हसताना काकूंनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि मी ते टिपलं.

खोक्यांच्या मधोमध आम्ही तिघी मांडी घालून बसलो. आमटीचा वास असा की खोक्यांनासुद्धा भूक लागावी. काकूंनी माझी वाटी नेहमीसारखी सांडेपर्यंत भरली. "काय ग पोरी, पुण्यात येसर मिळतं का?" "मिळतं काकू, पण तुम्ही मिळत नाही." "लाडीगोडी लावू नको. माझी जोडीदारीण घिऊन चाललीस." हे त्या थट्टेत म्हणाल्या, पण मग उगाच पातेलं ढवळत बसल्या. आई खाली बघून धपाटा मोडत होती. मला काय करावं सुचेना, आणि माणसाला सुचेनासं झालं की तो वाढतो. मी एक धपाटा उचलला आणि आईच्या ताटाकडं नेला. "घे आई, उद्या प्रवास आहे."

आईनं ताटावर हात धरला. डावा हात, नुकताच प्लास्टरमधून निघालेला, उजव्यापेक्षा अजून बारीक दिसणारा. पालथा पंजा, बोटं पसरलेली. तोंडानं काही बोलली नाही. नजर माझ्याकडं होती आणि ती धपाट्याबद्दल नव्हती. माझा हात हवेतच राहिला. काकूंचा पळा पातेल्यात थांबला, मी तो कधी थांबलेला बघितला नव्हता. आता विचारायला हवं होतं, आणि विचारलं तर उत्तर येणार होतं. मी धपाटा परत फडक्यावर ठेवला. "आई," मी म्हटलं, "तुला यायचंय का पुण्याला? कायमचं?" आणि गप्प बसले. एवढी गप्प मी आयुष्यात बसले नसेन. पुढं मला पन्नास वाक्यं येत होती, न्हाणीची, मनगटाची, पडद्यांची. एकही बोलले नाही.

आईनं घास गिळला, पाण्याचा घोट घेतला. "न्हाय," ती म्हणाली. 'नको' नव्हे, 'न्हाय'. आवाज चढलेला नव्हता, पडलेला नव्हता. मग धपाटा मोडता मोडता, "हितं सकाळी उठले की मला माणसं हायेत. ही हाय. ती काळी हाय, वरडती ती. विहारात सांजच्याला चार बाया जमत्यात, मी न्हाय गेले तर वंदना कोण धरतंय? तुझ्याकडं मी पडद्याकडं बघत बसू का दिवसभर? न्हाणीत फरशी खडबडीत करून घेते, तुझं समाधान व्हईल. आन् म्या येईन की तुझ्याकडं. लई दिस राहीन. पर माझी मी येईन, एष्टीनं. टेम्पोतनं सामान जातं, माणूस न्हाय." मला रडू आलं. वाईट वाटलं, हे तर आहेच. कुठल्या लेकीला वाटणार नाही? पण त्याखाली कसली तरी मोकळीक होती, घट्ट बांधलेली सुतळी कुणी सोडावी तशी. "मग आधी का नाही सांगितलंस?" मी नाक ओढत म्हटलं. दोघी एकदम माझ्याकडं बघायला लागल्या. काकू म्हणाल्या, "आता ह्याला काय म्हणावं!" आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी तिथंच बसून योगीराजला फोन लावला. "योगीराजभाऊ, उद्या टेम्पो नको." "बरं बरं, ताई," तो म्हणाला, "मग सकाळी जरा लवकरच येतो, ऊन व्हायच्या आत." "अहो, नको म्हटलं मी." "तेच की ताई. काळजी करू नका. येतो." आणि फोन बंद. काकूंनी पदर तोंडात कोंबला होता. आई म्हणाली, "येऊ दे, येऊ दे. आता येतोच हाय तर सत्यभामाच्या रानातनं कडबा आणू. बिजलीला लागंल." "माझा कडबा मी कधी दिला तुला?" काकू म्हणाल्या. "न्हाय म्हणाली असतीस तरी म्या नेला असता," आई म्हणाली. काकू उठल्याच, हात धुतला न धुतला आणि मागच्या दारानं गेल्या. "तुझी कटकट तुझ्याच दारात आणून बांधते. वरडून वरडून माझं डोकं खाल्लं तिनं," असं बडबडत. पण चालण्यात घाई होती, आणि भिंतीपलीकडं दावं सोडल्याचा आवाज आला तेव्हा बिजली एकदम गप्प झाली.

घरात आम्ही दोघीच. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, नवी स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत थांबलेली होती. रणधीरला दाखवायची होती, दाखवीन. परवा पुण्याला जाईन, दिवा लावीन, भिंती बघतील, बघू देत. आई माझं ताट बघत होती. "काहीच खाल्लं न्हायस," ती म्हणाली. तोंड रडण्यानं खारट झालं होतं आणि पोट भरल्यासारखं वाटत होतं. तिनं फडक्यातला तोच धपाटा उचलला. "नको ग आई," मी म्हटलं. खरंच नको होता. तिनं ऐकलंच नाही. धपाटा माझ्या ताटात पडला, शिवाय तिनं वाटीत आमटी ओतली, बाहेर सांडेपर्यंत. माझा डावा हात मांडीवर होता, अगदी मोकळा, आणि मी तो तिथंच राहू दिला.